गावात पावसाळी अन्नाचा एक दिवस करायचा आहे: मांडायचं काय, आणि दुसऱ्या दिवशी पुढे काय?

वाळवंटीकाठ
5 जून

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमच्या गावात यंदा पावसाळ्यात एक दिवस इथल्याच अन्नाचा करायचा, असं महिला मंडळात घाटतं आहे. देवळाचा सभामंडप मिळेल, युवक मंडळाची मुलं टेबलं-मांडवाचं बघतील, पंचायतीची ना नाही. बायकांनी रानभाज्या, उकड्या तांदळाची पेज, नाचण्याचं तिझण (गोड पेज), खतखतें (कंदांची मिश्र भाजी), पातोळ्या, सोलकढी करून विकायची. बाजूला ज्याच्या परसात, कुळागरात (पोफळीच्या बागेत) जे असेल ते ओलं विकायला ठेवायचं.

हे डोक्यात का आलं ते सांगते. पावसाळ्यात आमच्या नाक्यावरच्या गाड्यावर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो येतो तो बेळगावचा. चोर्ला घाटात झाड आडवं पडलं की भाजी उशिरा येते आणि भाव चढतो. त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला तायकिळो (टाकळा) उगवलेला असतो, बांधावर तेरें (रानअळू) असतं, कुंपणावर फागलांचा (कर्टोल्यांचा) वेल चढत असतो. ते ओळखून खुडणाऱ्या बहुतेक बायका आता आज्या झाल्या आहेत. मी शाळेत शिकवते. वर्गात नेलेलं तेरें बहुतेक मुलांना ओळखता आलं नाही, आणि ही शेतकऱ्यांचीच मुलं आहेत.

विचारायचं ते असं. दिवस कधी ठेवावा? दर कसा लावावा? पणजी-म्हापशाहून माणसं यायला हवीत, पण सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होऊ नये, हे कसं साधायचं? ज्यांनी असं काही केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी मोकळेपणी लिहा.

पुण्यातला_गोंयकार
5 जून

वा, ताई! तारीख कळवा, सुट्टी टाकून येतो. अळम्यांचा (रानातल्या अळंब्यांचा) एक स्टॉल मात्र पाहिजेच. श्रावणात अळम्यांचं तोंडाक (तोंडीलावणं) पोटात गेल्याशिवाय पावसाळा आल्यासारखा वाटत नाही. आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर ठेवाल ना?

खाजनवाली
5 जून

ताई, कल्पना मनापासून आवडली. पहिलं सांगणं तारखेबद्दल: जूनमध्ये नको, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातही नको. तेव्हा तरव्याची (भाताच्या रोपांची) आणि लावणीची घाई असते. ज्या घरांत अजून शेती टिकून आहे नेमकी तीच घरं चिखलात असतील, आणि मंडपात बसतील ती शेती सोडलेली माणसं.

आपले जुने सण बघा. मे महिन्यात मडगावला आणि म्हापशाला पुरुमेंताचं फेस्त (बेगमीची जत्रा) भरतं ते पावसाच्या तोंडावर, कारण सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, कांद्याच्या माळा, मीठ, आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) तेव्हाच घरात भरून ठेवावे लागत. रायला 5 ऑगस्टला आणि ताळगावला 21 ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं ते नवं भात निसवायला लागल्यावर. आपल्याकडे नवें (नव्या कणसांचा सण) चतुर्थीच्या दिवसांत. डिचोली, फोंडा, म्हापसा इथला माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार चतुर्थीच्या अगदी आदल्या दिवसांत. या सगळ्यांची तारीख शेतातल्या आणि रानातल्या कामाने ठरवली आहे. नवा दिवस ठरवतानाही तोच हिशेब धरावा, हॉलची किंवा पाहुण्यांची सोय नंतर बघावी.

लावणी आटोपते, बेणणीचं (तण काढायचं) काम थोडं हलकं होतं, तो श्रावणातला एखादा रविवार मला योग्य वाटतो. श्रावणात निम्मं गाव शिवराक (शाकाहारी) असतं, त्यामुळे भाजीला गिऱ्हाईक घरचंच मिळेल.

रानवाटा
6 जून

खाजनवालींना अनुमोदन, पण एक गोष्ट लक्षात घ्या. श्रावणात कोवळा तायकिळो मिळणार नाही. तो पहिल्या पावसानंतरचे काही आठवडेच कोवळा असतो, पुढे निबर होतो आणि उग्र लागतो. कुड्डुकेचंही (कुर्डूच्या भाजीचंही) तसंच. श्रावणात तुमच्या हाताशी असेल ते तेरें, फागलां, बांबूचे किल्ल, केळफूल, निरफणस, दोडकी, पडवळ, आणि महिना अखेरीकडे तवशीं, चिबूड. याद्या पुस्तकातून करू नका. गावातल्या दोन-तीन जाणत्या बायकांना घेऊन आठवडाभर आधी रानात फेरी मारा आणि जे दिसेल तेच फलकावर लिहा. तायकिळो दाखवायचाच असेल तर आत्ता, या महिन्यात, शाळेतल्या मुलांना घेऊन वेगळी फेरी काढा. त्याला मंडप लागत नाही.

फेरीत एक जरूर शिकवा. तायकिळ्याच्या पानाला गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात. त्याच्याच शेजारी कासविंदा उगवतो, त्याच्या पर्णिका टोकदार आणि जोड्या जास्त. नवख्या हाताला दोन्ही सारखेच वाटतात. कासविंद्याच्या बिया मुलांच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं. रानभाजी म्हणजे निसर्गाची, म्हणून निर्धोक, असं समजून शहरातली माणसं हल्ली फोटो बघून खुडायला लागली आहेत. तुमच्या कार्यक्रमातून तो समज वाढू नये.

शिजवण्याचंही सांगायला हवं. किल्ल चिरून पाण्यात ठेवतात, पाणी बदलतात, मग उकडून ते पाणी टाकतात. हे केवळ चवीसाठी नाही, कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. तेऱ्यात आंबाडे किंवा सोलां घालतात ती खाज मारायला. हे आजीला ठाऊक असतं, पण ती सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नसतंच. प्रत्येक पदार्थापाशी ती स्वतः बसली आणि बोलली तर तुमचा दिवस सार्थकी लागेल.

आता अळमी. पुण्यातला_गोंयकार, तुमची ओढ समजते, मीही त्याच चवीवर वाढलो. पण माझं मत स्पष्ट आहे: अशा कार्यक्रमात अळमी विकू नयेत. ही अळमी वारुळातल्या वाळवीबरोबरच वाढतात. त्यांची लागवड करता येत नाही. भाव चांगला मिळतो तो छत्री न उघडलेल्या कळ्यांना, म्हणून त्या उघडायच्या आधीच खुडल्या जातात आणि बीजाणू पडायचेच राहतात. अभयारण्यातून काढणं तर वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, तरी पावसाळ्यात हमरस्त्याच्या कडेला पानांत बांधून रांगेने विकायला असतात, आणि ती कुठल्या डोंगरावरून आली हे विचारणारा कोणी नसतो. घरच्या वारुळावर उगवली, घरच्यांनी खाल्ली, हे वेगळं. गर्दी बोलावून मागणी वाढवणं वेगळं.

पुण्यातला_गोंयकार
6 जून

पटलं. अळम्यांची मागणी मागे घेतो. लहानपणी आजी वारुळाजवळ काही अळमी मुद्दाम ठेवायची, 'देवाक' म्हणायची. त्याचा अर्थ आज लागला.

फोंड्याची_सून
6 जून

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन फोंड्यात आले. गेल्या काही वर्षांत पणजी आणि आसपासच्या खाद्य महोत्सवांना हौसेने जाते. त्यातून जे दिसलं ते लिहिते, कारण ताईंचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एका शहरातल्या मोठ्या महोत्सवात (नाव घेत नाही) प्रवेशद्वारावर कणसांची तोरणं होती, लाकडी नांगर मांडला होता, लोकनृत्य होतं. आत स्टॉलचं भाडं इतकं होतं की ते केटररनाच परवडावं. गावातून आलेल्या बायका होत्या, पण त्या स्टॉलमालकाच्या रोजावर भाकऱ्या थापत होत्या. मी एकीला विचारलं, ही नाचणी कुठली? ती म्हणाली, मालकांनी आणलेली. पुढच्या आठवड्यात मला तेच पीठ, तीच भाजी घरी हवी होती आणि कुठे मिळेल हे त्या एवढ्या गर्दीत कोणालाही सांगता आलं नाही.

म्हणून मला वाटतं, असा दिवस चांगला झाला की नाही हे त्या दिवशीच्या गर्दीवरून ठरवू नये. त्यानंतरच्या महिन्यात, तुमच्या गावच्या किती बायकांचा माल किती घरांत नेमाने जातो, यावरून ठरवावं. फलक लावायचाच तर पदार्थाच्या नावाखाली ते कोणाच्या शेतातलं, कधी मिळतं आणि पुन्हा हवं असेल तर कोणत्या वारी कुठल्या बाजारात मिळेल, हे लिहा. डिचोलीचा बुधवारचा बाजार आहे, बाणस्तारीचा गुरुवारचा, म्हापशाचा शुक्रवारचा. नवी साखळी उभारायची गरज नाही. आहे त्या बाजारातल्या त्या बाईचं तोंड गिऱ्हाइकाच्या ओळखीचं झालं की पुरे.

आणि जागेचं भाडं गावच्या विकणाऱ्यांकडून एक रुपयाही घेऊ नका.

वाळवंटीकाठ
7 जून

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. फोंड्याची_सून, तुमचं 'त्यानंतरच्या महिन्यात' हे मी मंडळाच्या बैठकीत तसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

एक अडचण. आमच्या बायका दर सांगायला लाजतात. रानातून फुकट आणलेल्या भाजीचे पैसे काय घ्यायचे, असं त्यांना वाटतं. शहरातलं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की लगेच निम्म्यावर येतात. गेल्या चतुर्थीला माटोळीच्या बाजारात माझ्या शेजारणीने कांगलांचे झुबके आणि करमलां पहाटे उठून काढली, आणि दुपारी पाऊस आला म्हणून जे मिळेल त्याला देऊन घरी आली.

काणकोण_डोंगर
7 जून

ताई, दर आधी बसून ठरवा आणि पुठ्ठ्यावर लिहून लावा. सगळ्यांचा एकच. वाटा केवढा तेही ठरवा. लिहिलेल्या दरावर माणसं कमी भांडतात, हा आमचा अनुभव. फुकट कसली भाजी? चढ चढून, जळवा सोसून, पाऊस अंगावर घेऊन आणलेली असते. रोजंदारी धरली तर जुडीचा भाव आपोआप निघतो.

आमच्याकडे पैंगीणजवळ आमोणेच्या आदर्श ग्रामात दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास लोकोत्सव होतो, तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा बघावा. डोंगरावरच्या वस्त्यांतली माणसं आपले कंद, मिरच्या, कडधान्यं, मातीची भांडी, वेताच्या टोपल्या घेऊन येतात. ती पाहुणी म्हणून येत नाहीत, तो त्यांचाच उत्सव असतो.

कंदांवरून आठवलं: तुमच्या यादीत खतखतें आहे. काटेकणगां, झाडकणगां पाऊस संपल्यावर काढायची. श्रावणात सगळी जमिनीत वाढत असतात. त्या दिवशी खतखतें करायला गेलात तर बटाटा आणि गाजर बेळगावचंच लागेल. त्यापेक्षा निरफणसाची कापां करा, तेरें करा भिकणां (फणसाच्या आठळ्या) घालून, केळफुलाची भाजी करा.

आणि आमची खोल्याची मिरची. तिला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे. पावसाच्या पाण्यावर डोंगरउतारावर होते, रंगाला देखणी, तिखट बेताची, रेशादाला (मासळीच्या लाल मसाल्याला) तिच्यासारखी दुसरी नाही. पण मानांकनाचा कागद भिंतीवर लागला म्हणून उतारावरचं बेणायला माणूस मिळत नाही. आम्हाला बळ येतं ते आगाऊ मागणीने. पावसाळ्यात रोपं उभी असताना कोणी सांगितलं की दिवाळीच्या सुमारास मला दोन किलो हव्या, आणि थोडे पैसे हातावर ठेवले, की लावणाऱ्याला धीर येतो. तुमच्या कार्यक्रमात एक टेबल असं ठेवा जिथे माल नाही, फक्त वही आहे. भात, नाचणी, मिरची, कंद, आळसांदे: पुढे जे येणार आहे त्याची मागणी त्या वहीत नोंदवून घ्या.

फोंड्याची_सून
7 जून

वहीचं टेबल! हे मला सुचलं नव्हतं. माझं नाव पहिलं लिहा, खोल्याच्या मिरचीसाठीही आणि डिचोलीच्या नाचणीसाठीही.

खाजनवाली
8 जून

वहीत कोरगुटही घ्या. आमच्या खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं) हे भात. खाऱ्या जमिनीत तग धरतं, म्हणून शेकडो वर्षं टिकलं. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की लावायचं, वर्षाला एकच पीक. दाणा तांबूस, पेज दाट, सकाळी खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही. उतारा मात्र नव्या जातींपेक्षा कमी, आणि रोप उंच असल्याने वाऱ्यात लोळतं. जुन्या गोव्यातल्या कृषी संशोधन केंद्राने याच्यातूनच निवड करून गोवा धान नावाच्या खार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत, त्याही आमच्याकडे काही जण लावतात.

लोकांना वाटतं कोरगुट टिकवायचं म्हणजे बी जपून ठेवायचं. बी डब्यात राहील हो, पण बांध फुटला तर ते लावणार कुठे? खाजन उभं आहे ते बांधावर आणि मानशीवर. भरतीला मानशीची दारं मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात. पूर्वी गावकरी, मग कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची संस्था), आता कुळांच्या संघटना हे सांभाळतात. काही ठिकाणी मानशीतल्या मासळीच्या लिलावात पैसा जास्त म्हणून खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जातं, आणि एकदा खार मुरला की ते शेत काही वर्षं भाताचं राहत नाही. कोरगुटाच्या पेजेची वाटी विकताना ही गोष्ट सांगणारा माणूस शेजारी पाहिजे. आमच्या बाजूने मी आणि माझे सासरे येऊ.

आता जागेबद्दल, थोडं नाजूक आहे. सभामंडप देवळाचा. तुमच्या गावात ख्रिस्ती घरं आहेत का? असतील तर ती आमंत्रण देऊनही संकोचतील, आणि मासळीचा प्रश्न तर निकालातच निघाला. पातोळ्यांचंच बघा. आपण नागपंचमीला करतो, ते 15 ऑगस्टला सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला करतात. तीच हळदीची पानं, तेच तांदळाचं पीठ, तोच नारळ-गूळ. दोन्ही घरच्या बायका एका चुलीपाशी बसल्या तर केवढी मजा येईल! शाळेचं पटांगण किंवा पंचायतीचा हॉल मिळाला तर बघा.

आगरवाडा
8 जून

आमच्या मिठाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही पेडण्यातले मीठ पिकवणारे. आमचा हंगाम पावसाबरोबर संपतो, आगरं (मिठागरं) आता पाण्याखाली आहेत. पण साठवलेलं मीठ आहे. कार्यक्रमात ठेवायचं असेल तर एक नियम पाळा: आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला कायद्याने मनाई आहे. चेपणीच्या (मिठात मुरवायच्या) आंब्यांना, किल्ल आणि आंबाडे खारवायला, मासळी सुकवायला, माडाच्या मुळात घालायला लोक आमचंच मीठ नेतात, आणि त्यासाठी म्हणूनच ते विकावं. फलकावर तसं लिहा.

आगरं दर वर्षी कमी होत चालली आहेत. पाणी मळलं, मजूर मिळेना, जमिनीला दुसराच भाव आला. माझ्या वडिलांनी ज्या आगरात काम केलं तिथे आता खारफुटी माजली आहे. म्हणून म्हणतो, ताई, पावसाळ्याचा दिवस करा, पण मेच्या आधीही एक करा. तेव्हा आगरात मीठ दिसतं, झाडाला मानकुराद असतो, काजूची बोंडं असतात, नीरो (बोंडांचा ताजा रस) मिळतो. शाळेच्या मुलांना मीठ कसं पडतं ते तेव्हाच दाखवता येतं.

कचरामुक्त_बार्देश
8 जून

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे, पेले, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'कागदी' म्हणून जे पेले येतात त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, ते मातीत मुरत नाहीत. तुमच्याकडे केळीची पानं आहेत, पोफळीच्या विरी (झावळीच्या बुडाची रुंद आवरणं) आहेत. पेज आणि तिझण यांच्यासाठी स्टीलच्या वाट्या घ्या. गावच्या देवस्थानाकडे, भजनी मंडळाकडे जेवणावळीची भांडी असतातच. धुवायला दोन माणसं रोजावर ठेवा आणि तो खर्च जेवणाच्या दरातच धरा. लोकांना घरून वाटी आणि पिशवी आणायला सांगा, पण त्यावर विसंबू नका.

पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकायला ठेवू नका. माठ ठेवा, वाळा घाला.

ओला कचरा गाडी बोलावून पाठवू नका. तिथेच पटांगणाच्या कडेला खड्डा किंवा खतकुंडी आधी करून ठेवा. उष्टं वेगळं, पानं वेगळी. किती उरलं त्याचं वजन करा, पुढच्या वेळी रांधायचा अंदाज येईल. मी पाहिलेल्या बहुतेक कार्यक्रमांत कचरा वाढतो तो ताटल्यांमुळे कमी आणि जास्त रांधल्यामुळे जास्त.

शिजवलेलं विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मूळ नोंदणी करून घ्यावी. ऑनलाइन होते. फोटो आणि ओळखपत्र लागतं. स्वयंसाहाय्य गटाच्या नावाने केली तर पुढे बाजारात लोणचं, सोलां विकतानाही उपयोगी पडते.

कुळागर_सावई
9 जून

विरी आमच्याकडून घ्या. सावईवेऱ्यात आमचं कुळागर आहे. पोफळीच्या झडलेल्या विरी पूर्वी आम्ही आंघोळीच्या चुलीत घालायचो, हल्ली शेजारच्या गटाने ताटं दाबायचं यंत्र घेतलं आहे.

कुळागराबद्दल थोडं. खाली पोफळ, वर माड, पोफळीवर मिरवेल, मधे केळी, जायफळ, अननस, कडेला सुरण आणि हळद. झरीचं पाणी पाटातून फिरवतो. बाहेरून आलेल्यांना हे रान वाटतं, पण यातलं प्रत्येक झाड कोणीतरी लावलेलं आहे. पाडेली (नारळ पाडणारे) मिळेनासे झालेत, त्यामुळे नारळ झाडावर आहे आणि बाजारात भाव चढलेला, अशी स्थिती येते. रेंदेरांचं तर विचारूच नका. सूर (माडी) काढणारे इतके कमी झाले की सुरेवर फुगवलेली सान्नां (इडलीसारखी) आता सणालाही मिळत नाहीत, यीस्ट घालावं लागतं. तुमच्या गावात एखादा रेंदेर असेल तर त्याला मानाने बोलवा. सान्नां करा. ही चव कशी असते ते तरुण मुलांना कळू दे, कदाचित एखाद्याला माडावर चढावंसं वाटेल.

हळदीची पानंही देतो, पातोळ्यांसाठी लागतील तेवढी.

पुण्यातला_गोंयकार
9 जून

सगळं वाचून भारावलो. एक शंका आहे. रानभाजी, कोरगुट, आगराचं मीठ, सूर, हे सगळं महाग पडणार. गावातल्या रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडेल का? फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर अनुदानाची भाजी मिळते, तीच तो घेणार. त्याला दोष कसा द्यायचा?

काणकोण_डोंगर
9 जून

दोष कोणीच देत नाही, दादा. पण मूळ प्रश्न खरा आहे. आमच्या वस्तीत सगळ्यात गरीब घरंच आजही तेरें आणि कुड्डूक खातात, कारण पैसे पडत नाहीत. उद्या शहरातली मागणी वाढली आणि ती सगळी भाजी जुडी बांधून बाजारात गेली, तर त्या घरात काय शिजेल? म्हणून मला वाटतं, गर्दीपुढे रानातलं कमी आणि शेतातलं, परसातलं जास्त ठेवावं. भात, नाचणी, आळसांदे, दोडकी, भेंडी, कंद, हे मागणी वाढली तर जास्त लावता येतं. रान मागणीप्रमाणे वाढत नाही.

रानवाटा
9 जून

हे अगदी मोलाचं. माटोळीचंही तेच झालं आहे. स्पर्धा सुरू झाल्यापासून जिन्नस किती जास्त याची चढाओढ लागली, आणि दुर्मीळ वेलींची फळं मुळासकट ओरबाडली जाऊ लागली. ज्ञान वाढलं हे खरं, ती नावं मुलांना कळली हेही खरं, पण रानाने त्याची किंमत मोजली. (जाता जाता: माटोळीतलं सगळं खाण्याचं नसतं. कवंडळ आणि वाघनखी विषारी आहेत. प्रदर्शनात ठेवलीत तर तसं ठळक लिहा.)

माझी सूचना अशी. विकायला शेतातलं ठेवा. रानातलं चाखायला, तेही थोडं, आणि ओळखायला. फागलां परसात लावता येतात, तेऱ्याचे कंद बांधाला लावता येतात. ज्यांना आवडलं त्यांना रोप द्या.

वाळवंटीकाठ
12 जून

काल बैठक झाली. हा सगळा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला, दोन तास लागले, कोणी उठलं नाही.

जागा बदलली. शाळेचं पटांगण आणि पाऊस आला तर वर्ग. गावातल्या ख्रिस्ती घरांतल्या तिघी जणी पातोळ्यांना यायला आनंदाने तयार झाल्या, एकीने सान्नांचं अंगावर घेतलं. रेंदेर आमच्या गावात नाही, शेजारच्या गावात एक आहेत, त्यांना भेटायला आम्ही रविवारी जाणार आहोत. मासळी या खेपेला नाही, कारण 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद आणि नंतर श्रावण. पण मेच्या आधीचा जो दिवस आगरवाडा यांनी सुचवला तो सगळ्यांच्या मनात भरला आहे, तेव्हा सुकी मासळी आणि मीठ दोन्ही.

तारीख नागपंचमीनंतरच्या रविवारची. लावणी उरकलेली असेल. खतखतें गेलं, निरफणस आला. अळमी नाहीत. दर आधी ठरवून लिहायचे, जागेचं भाडं नाही. रानातल्या भाज्या जाणत्या बायका मुलांना हातात देऊन दाखवतील आणि थोड्याशा चाखायला असतील. विकायला परसातली दोडकी, पडवळ, भेंडी, आणि गेल्या हंगामाचे उकडे तांदूळ, नाचणी, सोलां.

वादाचा मुद्दा एकच झाला, तो वहीचा. काही जणी म्हणाल्या, आगाऊ पैसे घेतले आणि पाऊस लांबून भात आडवं झालं तर? खोटं पडायचं कोणाला? शेवटी असं ठरलं की पहिल्या वर्षी पैसे घ्यायचे नाहीत, फक्त नाव आणि मागणी. भात कापून झाल्यावर जेवढं देता येईल तेवढं द्यायचं, कमी पडलं तर सगळ्यांना सारखं कमी. काणकोण_डोंगर, तुम्हाला हे पुरेसं वाटतं का? तुमच्या बाजूला अशा वेळी काय करतात?

काणकोण_डोंगर
12 जून

पहिल्या वर्षाला पुरेसं आहे. आमच्याकडे काही घरं थोडी रक्कम बियाण्यापुरती घेतात आणि पीक गेलं तर पुढच्या हंगामात मालाने फेडतात. पण त्याला ओळख लागते. एक वर्ष तुमची माणसं एकमेकांना बघू देत. वही मात्र गटातल्या दोघींच्या ताब्यात ठेवा, एकीच्या नको. एक आजारी पडली तरी गिऱ्हाइकाला उत्तर मिळालं पाहिजे.

कुळागर_सावई
13 जून

ताई, ताटं किती लागतील ते जुलैच्या मध्यापर्यंत कळवा. विरी आधी भिजवून मग दाबाव्या लागतात, आणि पावसात ताटं सुकायला वेळ घेतात, नाहीतर बुरशी धरते. हळदीची पानं आदल्या दिवशी संध्याकाळी डिचोलीच्या बसस्टँडवर पोचवतो.